पुष्पकावरचे राखणदार

२०२०च्या ऑगस्टमध्ये माझा डोंबिवलीचा मामा गेला. कोविडचे दिवस. दवाखान्यातून मामेभावाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी आली. तिच्यात चष्मा, मोबाइल, चार्जर, एक नॅपकिन आणि शर्टाच्या खिशात असायचं ते पासाचं पाकीट. पास डोंबिवली ते सीएसएमटी, त्रैमासिक, मार्चमध्ये काढलेला. काढला आणि थोड्याच दिवसांत लोकल बंद झाल्या. तरी दवाखान्यात दाखल होताना मामाने तो खिशात ठेवला होता. तीस वर्षांची सवय.

स्मशानात भावाला लांब उभं राहायला सांगितलं. पांढऱ्या पीपीई किटमधली दोन माणसं पुढचं सगळं करत होती. त्यांच्यातल्या एकाने मास्कच्या आतूनच विचारलं, "काकांचं नाव काय?" भावाला वाटलं, नोंदवहीत लिहायचं असेल. त्याने सांगितलं. त्या माणसाने काहीच लिहिलं नाही. त्याने ते नाव मोठ्याने घेतलं, हात जोडले आणि मग मामाला आत ढकललं.

पुढच्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, नेटफ्लिक्सवर 'कार्गो' नावाचा हिंदी चित्रपट आला. अवकाशयानाचं चित्र पाहून मी तो लावला होता. घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं, काहीतरी दूरचं बघावं एवढाच हेतू. तो इतका जवळचा निघेल याची कल्पना नव्हती.

'कार्गो'ची दिग्दर्शक आरती कडव. नागपुरात वाढलेली, आयआयटी कानपूरला संगणकशास्त्र शिकलेली. मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सोडून ती चित्रपटाकडे वळली. हा तिचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. मुंबईच्या मामि महोत्सवात तो २०१९च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला.

गोष्ट अशी. माणसं आणि राक्षस यांच्यात तह झालेला आहे, आणि मेलेल्या माणसांची पुढची व्यवस्था राक्षसांकडे आली आहे. त्यासाठी त्यांची अवकाशयानं फिरत असतात. त्यांपैकी एक पुष्पक ६३४ए. त्यावर प्रहस्थ नावाचा राक्षस कित्येक वर्षं एकटा ड्यूटी करतो आहे. विक्रांत मॅसीने तो इतका साधा केला आहे की राक्षस हा शब्दच विसरायला होतं. पृथ्वीवर कुणी मेलं की ते माणूस यानावर येऊन उभं राहतं. बहुतेकांना आपण मेलोय हे कळलेलंही नसतं. प्रहस्थ शांतपणे सांगतो, खुर्चीत बसवतो, जवळच्या वस्तू काढून घेतो. शरीरावरच्या जखमा भरल्या जातात. मग आठवणी पुसल्या जातात आणि त्या माणसाला नव्या जन्मासाठी रवाना केलं जातं. कामाच्या भाषेत या माणसांना कार्गो म्हणतात. माल.

मग एक दिवस त्याच्या मदतीला युविष्का येते. श्वेता त्रिपाठीची ही युविष्का तरुण आहे, उत्साही आहे, आणि जखमा बऱ्या करायची शक्ती तिच्या हातांत आहे. प्रहस्थाला ती नको असते, कारण ती आली म्हणजे आपली निवृत्ती आली.

यानावरची यंत्रं पाहण्यासारखी आहेत. गुळगुळीत काचेचे पडदे नाहीत, हवेत तरंगणारी चित्रं नाहीत. जाड खटके, बटणं, घरोघरी असायचा तसला पाठीमागे पोट असलेला टीव्ही. पृथ्वीवरचा वरिष्ठ अधिकारी नीतिज्ञ त्या टीव्हीतून बोलतो. सगळं एखाद्या सरकारी कार्यालयासारखं, नीट सांभाळलेलं, जुनं झालेलं, चालू असलेलं. कल्याण जंक्शनच्या पार्सल ऑफिसात कधी काम पडलं असेल तर ही हवा ओळखीची वाटेल. रोज माणसांचे आयुष्यभराचे तुकडे समोरून जातात आणि काम करणारा शिक्का मारून पुढचा नंबर घेतो. पण प्रहस्थाच्या शिक्क्यात तुसडेपणा नाही. माझ्या मते चित्रपटाचा जीव इथे आहे.

नीतिज्ञाची भूमिका नंदू माधव यांची. मराठी प्रेक्षकाला ते 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तले दादासाहेब फाळके म्हणून ठाऊक आहेत. फाळक्यांनी १९१३ साली आपल्या देशातला पहिला कथापट काढला तो कुणावर? राजा हरिश्चंद्रावर, म्हणजे दिलेल्या शब्दापायी स्मशानात चाकरी पत्करलेल्या राजावर. आपला सिनेमा सुरू होतो तोच स्मशानाच्या राखणदारापासून. हे जुळवून आणलेलं नसणार, पण नंदू माधवांचा चेहरा त्या जुन्या टीव्हीत दिसला की मला दर वेळी ते आठवतं.

आता राक्षसांकडे येऊ. मेलेल्यांची काळजी घ्यायला देव नाहीत, यमदूत नाहीत, राक्षसच का? याचं एक उत्तर वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात सापडतं. अगस्त्य ऋषी रामाला राक्षसांची उत्पत्ती सांगतात. ब्रह्मदेवाने आधी पाणी निर्माण केलं, मग त्या पाण्याच्या राखणीसाठी प्राणी निर्माण केले. त्यांच्यातले काही म्हणाले, आम्ही रक्षण करू. ते राक्षस. काही म्हणाले, आम्ही पूजा करू. ते यक्ष. म्हणजे त्या कथेप्रमाणे सृष्टीच्या आरंभी राक्षस या शब्दाचा अर्थ राखणदार असा होता. प्रहस्त हे नावही रामायणातलंच, रावणाचा सेनापती. लंकेच्या युद्धात नीलाच्या हातून तो पडला. पुष्पक हे तर कुबेराचं विमान, रावणाने हिरावलेलं. आरती कडवने पराभूत पक्षातली ही दोन नावं उचलली आणि त्यांना त्यांचं मूळचं काम परत दिलं.

त्या कथेतली यक्षांची बाजू मराठी विज्ञानकथेला आधीच मिळाली होती. जयंत नारळीकरांच्या गाजलेल्या कथासंग्रहाचं नाव 'यक्षांची देणगी'. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपली आद्याक्षरं उलटी करून. नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून. कथेला बक्षीस मिळालं. केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू होते फ्रेड हॉइल, तेही विज्ञानकथा लिहीत. हॉइल, बर्बिज पतिपत्नी आणि फाउलर या चौघांचा १९५७चा एक निबंध प्रसिद्ध आहे. आपल्या रक्तातलं लोह, हाडांतलं कॅल्शियम, श्वासातला ऑक्सिजन ही मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात आणि तारे संपताना अवकाशात कशी विखुरतात हे त्यात मांडलं आहे. तारा मेल्याशिवाय माणूस घडत नाही. नारळीकरांनी तर हॉइल यांच्याबरोबर विश्वात सतत नवं द्रव्य निर्माण होत राहतं हा विचार आयुष्यभर सांभाळला. महास्फोटाच्या बाजूने पुरावे वाढत गेले, बहुतेक शास्त्रज्ञ तिकडे गेले, नारळीकर शांतपणे आपली बाजू मांडत राहिले. २०२५च्या मे महिन्यात पुण्यात ते गेले. विश्वाला आरंभ नाही, शेवटही नाही, घडणं मात्र अखंड आहे, या कल्पनेवर एका माणसाने एवढा जीव लावावा, याचं मला नेहमी अप्रूप वाटत आलं आहे.

पाश्चात्त्य विज्ञानकथेत निर्मिती आणि मरण यांचं नातं वेगळ्या ठिकाणी जाऊन पोचतं. तिथे बहुधा एक निर्माता असतो, त्याने घडवलेला एक जीव असतो, आणि तो जीव एक दिवस निर्मात्याच्या दारात जाब विचारायला उभा राहतो. 'ब्लेड रनर' (१९८२) मधली कृत्रिम माणसं चार वर्षांचं आयुष्य घेऊन आलेली असतात. त्यांचा म्होरक्या रॉय आपल्याला घडवणाऱ्या टायरेलपर्यंत पोचतो आणि आणखी आयुष्य मागतो. ते मिळत नाही. तो टायरेलला मारतो. त्या चित्रपटातलं लॉस एंजलिस २०१९च्या नोव्हेंबरमधलं आहे. 'कार्गो' मुंबईत पहिल्यांदा दाखवला गेला त्याच्या पुढचाच महिना.

या सगळ्याचं मूळ मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये. ती कादंबरी १८१८ची. मेरी जन्मली आणि अकराव्या दिवशी तिची आई गेली. १८१५ मध्ये तिचं स्वतःचं पहिलं बाळ काही दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर तिने डायरीत एक स्वप्न नोंदवून ठेवलं आहे. बाळ मेलेलं नव्हतं, नुसतं गारठलं होतं. शेकोटीजवळ घेऊन त्याला चोळलं आणि ते जिवंत झालं. पुढच्याच वर्षी तिने मेलेल्या अवयवांतून जीव घडवणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला घेतली. प्रयोगशाळा, वीज, तांत्रिक करामत हे सगळं पुढे चित्रपटांनी वाढवलं. मुळात ती एका आईच्या उघड्या जखमेतून आलेली गोष्ट आहे.

हे वाचताना माझ्यासारखा कल्याणचा माणूस थबकतो. १८६५ साली कल्याणात जन्मलेली यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई, चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचं बाळ दहा दिवसांत गेलं. वेळेवर उपचार मिळाले असते तर ते वाचलं असतं, हे तिच्या मनाने घेतलं. तिने कादंबरी लिहिली नाही, ती डॉक्टर व्हायला निघाली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाली. प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र, आपल्याकडच्या परंपरेतलं. पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात क्षयाने ती गेली, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आधी. तिची रक्षा समुद्रापार गेली. अमेरिकेत जिने तिला लेकीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटरबाईंकडे ती पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. आणि शुक्र ग्रहावर सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचं एक विवर आहे, त्याचं नाव जोशी. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तृत्ववान स्त्रियांची नावं देतात. पहाटे किंवा संध्याकाळी खाडीवर शुक्र दिसतो तेव्हा त्यावर कल्याणच्या लेकीचं नाव आहे, ही गोष्ट इथल्या शाळांमधून मुलांना सांगायला हवी असं मला फार वाटतं.

'कार्गो'त जाब विचारणारं कुणी नाही, कारण निर्माता कुठे दिसतच नाही. फक्त कर्मचारी आहेत. "मला मरण का?" असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर प्रहस्थाच्या नियमपुस्तकात नाही. त्याच्या हातात एवढंच आहे की समोरच्याची जखम भरायची आणि त्याला नीट पाठवायचं. काहींना यात पळवाट वाटेल. मला ती वाटत नाही. जन्मजन्मांतर ज्या मातीत बोलण्याचा भाग आहे तिथे मरणाचा प्रश्न वेगळ्या शब्दांत उभा राहतो. परत यायचं असेल तर या वेळचा मी कुठे गेला? मामा परत कुठेतरी जन्मला असेल, असं मामी म्हणते. असेल. पण सात चौपन्नच्या गाडीत दारापासून तिसऱ्या माणसाच्या मागे उभं राहायचं, हे ज्याला ठाऊक होतं तो मामा?

या प्रश्नाकडे शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर एक नवल दिसतं. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. अस्थिमज्जेत ती घडते, सगळ्या देहभर हिंडते, म्हातारी होते. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला ओळखतात, गिळतात आणि सुटी करतात. तिच्यातलं लोह बाजूला काढलं जातं, ते पुन्हा अस्थिमज्जेकडे जातं आणि नव्या पेशीत बसतं. नव्या तांबड्या पेशींना रोज लागणाऱ्या लोहापैकी फार मोठा वाटा असा जुन्या पेशींकडूनच येतो, अन्नातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम घेतं. दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी संपतात आणि तितक्याच घडतात. प्लीहा म्हणजे आपल्या पोटातलं पुष्पक ६३४ए. आलेल्याला उतरवून घेतं, त्याच्याजवळचं काढून ठेवतं, पुढे धाडतं. जुन्या पेशीची कसलीही खूण नव्या पेशीवर नसते, लोहाचा कण मात्र तोच असतो. आणि तो कण मुळात एखाद्या संपलेल्या ताऱ्यातला.

याहून विलक्षण गोष्ट बोटांची. आईच्या पोटात गर्भाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. गर्भ साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असताना बोटांच्या मधल्या जागेतल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. त्या मेल्या म्हणून बोटं सुटी होतात. त्या पेशींवर कुणी हल्ला केलेला नसतो, त्या आजारीही नसतात. मरणाची सूचना त्यांच्यातच लिहिलेली असते. जन्माआधीच आपल्या हातावर मरणाने काम केलेलं असतं, आणि त्याच हाताने आपण पहिल्यांदा आईचं बोट धरतो.

चित्रपटात मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते क्रमाने. आधी जखमा भरतात, मग आठवणी पुसतात. ज्याच्या आठवणी पुढच्या क्षणी जाणार आहेत त्याची जखम कशाला भरायची? ती व्यक्ती तर संपणारच आहे. तरी युविष्का हात ठेवते. त्या माणसाला थोडा वेळ तरी बरं वाटतं, आणि त्या थोड्या वेळात तो तोच असतो, पूर्ण आठवणींसकट, पूर्ण नावासकट. ती बरी करते ते पुढच्या जन्मासाठी असं चित्रपट सांगतो. मला ते या जन्मासाठी वाटलं. आपल्याकडे शेवटी अंघोळ घालतात, कपाळाला गंध लावतात, आवडीचं धोतर नेसवतात, ते कुणासाठी? त्या दिवसांत आम्हाला त्यातलं काहीही करता आलं नव्हतं, म्हणून कदाचित हा क्रम माझ्या मनाला इतका लागला असेल.

चित्रपट सगळा सारखा जमलेला नाही. मधल्या भागात तो रेंगाळतो. प्रहस्थाच्या जुन्या प्रेमाचा धागा, कोंकणा सेन शर्मा असूनही, आणखी उलगडायला हवा होता. राक्षसांचं जग पृथ्वीवर नेमकं कसं चालतं याच्या नुसत्या झलका मिळतात. पण येणाऱ्या प्रत्येक मृताला चित्रपटाने दिलेली दोन-तीन मिनिटं पुरेशी आहेत. कुणी गोंधळलेलं असतं, कुणी घाबरलेलं, आणि त्यांना जे अर्धवट राहिलं म्हणून हुरहूर लागते ते किरकोळ असतं, अगदी घरगुती. महान मरणं इथे जवळपास नाहीत. तार्कोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) समुद्रच मेलेल्या बायकोला पुन्हा घडवून नायकासमोर उभं करतो, आणि तीच तीच वेदना नव्याने सुरू होते. तिथे आठवण जाता जात नाही. इथे आठवण राहता राहत नाही. दोन्ही चित्रपट एकामागून एक पाहिले तेव्हा मला पहिल्यात दम लागला आणि दुसऱ्यात रडू आलं.

त्या वर्षाच्या शेवटी मी आणि मामेभाऊ अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. देवळं नुकतीच उघडली होती, लोकल आमच्यासाठी अजून बंदच होती. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ या स्टेशनांच्या कडेकडेने मोटरसायकलवर गेलो. वालधुनीकाठचं हे देऊळ शिलाहारांच्या काळचं, शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६० साल. बाहेरच्या भिंतींवर काळ्या दगडात इतकं कोरीवकाम आहे की नजर ठरत नाही. पण गाभारा जमिनीच्या पातळीवर नाही. मंडपातून पायऱ्या उतरून जमिनीच्या खाली जावं लागतं. तिथे पिंडी आहे. आणि वर छत नाही. शिखर अर्ध्यावर थांबलेलं, पूर्ण झालं नाही म्हणतात. जमिनीच्या पोटात उभं राहून मान वर केली की थेट आकाश.

गाभारा, गर्भगृह. उतरून आत जायचं आणि वर मोकळं अवकाश. भाऊ बराच वेळ वर पाहत उभा होता. मग त्याने विचारलं, "त्या माणसाने नाव का विचारलं असेल रे?"

मी त्याला 'कार्गो'ची गोष्ट सांगितली, तिथेच, पायऱ्यांवर बसून. राक्षस म्हणजे राखणदार, हेही सांगितलं. तो काही बोलला नाही. मागून येणाऱ्यांना वाट द्यायला आम्ही उठलो.

१ फेब्रुवारी २०२१ला सगळ्यांसाठी ठरावीक वेळेत लोकल सुरू झाल्या आणि भावाने नवा पास काढला, डोंबिवली ते सीएसएमटी. पाकीट मामाचंच वापरतो. परवा ठाण्याला उतरताना टीसीने अडवलं तेव्हा त्याने ते उघडून पुढे धरलं. नव्या पासाच्या मागे जुना दिसत होता. टीसीने दोन्ही पाहिले, तारखा वाचल्या, आणि पाकीट मिटून परत दिलं.